प्लॅनरची दिवाळी

पोस्टग्रेस या डेटाबेसचा क्वेरी प्लॅनर हा अत्यंत सज्जन आणि तितकाच भाबडा प्राणी आहे. जगात कुणाचं कुणाशी काही नातं असेल, अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. शहर पुणे आणि सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० अशा दोन अटी दिल्या, की तो दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं काढतो आणि शांतपणे गुणाकार करतो. सदाशिव पेठ पुण्यात आहे हे ठाऊक नसलेला हा भूतलावरचा एकमेव जीव असावा.

आमचा धंदा ऑनलाइन पुस्तकविक्रीचा. दर दिवाळीला साहेब विचारतात, या पंधरवड्यात दिवाळी अंक किती खपले आणि कुठल्या गावी गेले? हिशेब सोपा ठेवू. समजा, विक्रीच्या नोंदी एक कोटी, शीर्षकांत दिवाळी अंक एक टक्का आणि पंधरवड्यातल्या नोंदी पाच टक्के. प्लॅनर म्हणतो, कोटीचा एक टक्का, त्याचे पाच टक्के, झाल्या पाच हजार ओळी. निघतात चार लाख! त्याच्या लेखी दिवाळी अंक चैत्रात, आषाढात आणि ऐन शिमग्यातही सारख्याच वेगाने खपतात. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, ही वार्ता त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.

पाच हजारच ओळी म्हटल्यावर तो नेस्टेड लूप निवडतो. एकेक ओळ उचलायची आणि ग्राहकांच्या टेबलात पत्ता शोधायला जायचं. अशा चार लाख खेपा घालताना डिस्क कण्हू लागते आणि साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात.

या गुणाकाराचं मूळ १९७९ सालचं. आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ‘सिस्टिम आर’ या डेटाबेससाठी हे शास्त्र मांडलं. ‘अमक्यापेक्षा मोठं’ या अटीचा नीट हिशेब करता येत नसेल, तर एक तृतीयांश ओळी धराव्यात, हा त्यातलाच ठोकताळा. या आकड्याला विशेष अर्थ नाही, हेही त्याच निबंधात लिहून ठेवलंय. इतका प्रांजळपणा मी कुठल्याही अंदाजपत्रकात पाहिलेला नाही. पुढे २०१५ साली म्युनिकच्या संशोधकांनी आयएमडीबीची खरी माहिती घेऊन नामांकित डेटाबेस तपासले. जॉइन वाढले तसे अंदाज घसरत गेले, आणि बहुतेक कमीच निघाले.

पोस्टग्रेस १० पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ लिहून प्लॅनरला नाती कळवता येतात. पुणे आणि पिनकोडाची ओळख आम्ही तशीच करून दिली. पण ही सोय एकाच टेबलापुरती. आमचा अंक एका टेबलात आणि तारीख दुसऱ्यात, तेव्हा इथे तिचा उपयोग शून्य. शेवटी टीममधल्या एका मुलीने तोडगा काढला. पंधरवड्यातल्या दिवाळी अंकांच्या नोंदी आधी तात्पुरत्या टेबलात ओतायच्या, त्यावर ॲनलाइझ चालवायचं आणि मगच पुढचे जॉइन. म्हणजे त्याला अंदाज करूच द्यायचा नाही, मोजायला लावायचं. अहवाल चहा निवायच्या आत हजर.

पण दिवाळी दरवर्षी सरकते. तारखा हाताने बदलायचा कंटाळा, म्हणून आम्ही सणांचं वेगळं टेबल केलं. ऑर्डरची तारीख सणाच्या सुरुवातीनंतरची आणि शेवटाआधीची, अशी दोन टेबलांमधली अट घातली. अशा अटीला प्लॅनर अजूनही तोच एक तृतीयांश लावतो. अटी दोन, म्हणून दोनदा. गुणाकार एक नवमांश! वर्षभराच्या ऑर्डरी धरल्या, तर त्याच्या मते दिवाळी सुमारे चाळीस दिवस चालते. त्याचा हा अंदाज दाखवणाऱ्या एक्स्प्लेनचा कागद आम्ही सगळ्यांनी रजेच्या अर्जाला जोडलाय. साहेबांची सही अजून व्हायची आहे.