दोराचं निर्लेखन

दाजींच्या मुलीने मिशिगनमध्ये बोट घेतली, ही बातमी आमच्या खानदानात पेढ्यांसकट फिरली. बोट म्हणजे सहा माणसं दाटीवाटीने बसतील एवढीच. तळ्याकाठच्या लाकडी धक्क्याला ती चार दोरांनी बांधलेली असते. फोनवर बोलता बोलता मुलीने सहज विचारलं, "बाबा, हे दोर किती वर्षांनी बदलायचे असतात हो?"

दाजींना काही सहज विचारू नये. त्यांची उभी नोकरी सरकारी भांडार विभागात गेली. खुर्चीपासून टाचण्यांच्या डबीपर्यंत प्रत्येक वस्तूला आयुर्मान असतं, ते संपलं की निर्लेखन समिती बसते आणि समिती उठली की वस्तू कागदोपत्री मेली, अशी त्यांची जगाकडे बघण्याची रीत आहे. दोराचं आयुर्मान ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांचं जेवणावरून मन उडालं.

"कोळ्यांना विचारायचं," ते म्हणाले. "तिकडची माणसं होडी हौसेने बांधतात. आपल्याकडची पोटासाठी बांधतात."

हे वाक्य इतकं बरोबर होतं की मला डहाणू लोकलमध्ये बसावंच लागलं. वेसाव्याचा कोळीवाडा जवळ होता. पण एप्रिल 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, म्हणजे चर्चगेटपासून जवळजवळ 124 किलोमीटर, आणि तेही लोकलच्या भाड्यात. एवढी सोय असताना अंधेरीला उतरणं म्हणजे दाजींच्या लेखी सार्वजनिक मालमत्तेचा अपव्यय. वैतरणा, सफाळे, केळवे रोड करत गाडी निघाली आणि दाजींनी मांडीवर तक्ता आखायला घेतला: दोराचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, अपेक्षित आयुर्मान, शेरा. पालघर येईपर्यंत अख्ख्या डब्याला आमचं काम कळलं होतं. बोईसरला उतरणाऱ्या एका गृहस्थाने जाता जाता सल्लाही दिला, "तुटला की बदलायचा." दाजींनी तो नोंदवला नाही. अधिकृत वाटला नाही म्हणाले.

धाकटी डहाणूला रिक्षाने पोहोचलो तर ऐन ओहोटी. होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या आणि त्यांचे दोर जमिनीवर लोळत पडलेले.

"पाणी कुठे गेलं?" दाजींनी विचारलं.

"येईल की दुपारी," जाळ्याची मोकळी टोकं आवरत बसलेला एक तांडेल म्हणाला.

तक्त्याच्या शेऱ्यात नोंद झाली: पाणी अनुपस्थित.

मिशिगनच्या तळ्याला भरती-ओहोटी नाही म्हटलं तरी चालेल. तिथे दोर एकदा बांधला की बांधला. इथलं पाणी मुंबईपेक्षाही जास्त चढतं, कारण खंभातचं आखात जवळ. उधाणाला पाच मीटर सहज. म्हणजे भरतीला ताठ बांधलेली होडी ओहोटीला दोरावर लटकणार, आणि ओहोटीला ताठ बांधलेली होडी भरतीला नाक पाण्यात खुपसून बसणार. म्हणून दोर लांब ठेवायचा. आणि लांब ठेवला की तो दिवसातून चार वेळा धक्क्याच्या कडेवर, दगडावर, कालवांवर घासतो. तांडेल हे सगळं खाली मान घालून सांगत होता. भरतीला होडी वर आणि ओहोटीला खाली, हे दाखवण्यासाठी त्याने माझी छत्री वापरली.

"तुमच्या होडीचा हा दोर कधी घेतला?" दाजी पेन सरसावून.

"थोरलीच्या लग्नाच्या आधी."

"लग्नाची तारीख?"

"नारळी पौर्णिमेनंतर दिवाळीच्या आत झालं बघा."

"साल?"

तांडेलाने बायकोला हाक मारली. बायकोच्या मते लग्न दिवाळीनंतर झालं होतं. मग शेजारची दोन माणसं साक्षीला आली, लग्नात कोंबडीचं होतं की सुरमईचं यावर वाद लागला, आणि दोर राहिला बाजूला. दाजींनी रकाना कोरा सोडला आणि त्याला टाचणी लावली.

खरी तपासणी त्यानंतर झाली. तांडेलाने होडीच्या काठावरून येणारा हातभर दोर उचलला. वरून तो हिरवट आणि लोकरीसारखा फुलारलेला. "हे पिंजलेलं बघून घाबरायचं नाही," तो म्हणाला. "थोडं पिंजलं की वरचं आतल्याला सांभाळतं." मग दोन्ही अंगठे उलट दिशांना पिळून त्याने दोराचे तिन्ही पेड उघडले आणि फट आमच्या नाकाजवळ धरली. आतून करडी भुकटी पडली, वाळूचे दोन कण पडले आणि तुटलेल्या तंतूंची टोकं दिसली. समुद्राचं मीठ आणि वाळू आत शिरते, दर हिसक्याला पेडावर पेड घासतो, आणि दोर आतून कापला जातो. बाहेरून बघणाऱ्याला तो ठणठणीत वाटतो. दुसऱ्या दोरावर त्याने नुसता तळवा फिरवला, तर हाताला पांढरी पूड लागली. उन्हाने तंतू मेले की असं होतं. तिसरा दोर एका जागी बारीक झाला होता. "हा ताणून गेलाय. आता ताणच घेणार नाही, सरळ तुटेल."

"मग हा बाद?"

"बाद कशाला? घासलेला हातभर कापायचा आणि उरलेला सांधायचा. नाहीतर टोकं उलटी करायची, घासायची जागा बदलते."

गाठ मारलेली चालत नाही का, असं मी विचारलं. गाठीने दोराचं निम्मं बळ जातं, म्हणून पेड उसवून एकमेकांत विणून घ्यायचे. हे त्याने बोलता बोलता करूनही दाखवलं आणि सुटं टोक लायटरने डागलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण नायलॉन यायच्या आधीची. नायलॉन जळला की काळी गोळी होते. पीळ, ताठा, काही उरत नाही.

नायलॉन ताणला जातो म्हणून लाटेचा हिसका खातो, पण बुडतो. दुसरा तो स्वस्त प्लास्टिकचा, तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात जातो. शिवाय उन्हाला लवकर नमतो. दोन्ही दुकानात किलोवर मिळतात, हे ऐकून दाजी हादरले. लांबीची वस्तू वजनावर घेतली तर साठा नोंदवहीत ती कुठल्या परिमाणात चढवायची? त्यातही इथे नाव निघतं ते गरवारेंच्या दोराचं. ही कंपनी 1976 साली गरवारे-वॉल रोप्स या नावाने निघाली, पुण्याची. पुण्याला समुद्र नाही, तरी समुद्रावर काय टिकेल हे पुणे ठरवतं, यात मला तरी काही नवल वाटलं नाही.

वाढवणचं बंदर इथून जवळच होऊ घातलंय. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि किनाऱ्यावर त्याला विरोधही मोठा आहे. तांडेल त्यावर एवढंच म्हणाला, "तिकडे मोठी जहाजं बांधतील. आमची होडी कुठे बांधायची ते अजून कुणी सांगितलं नाही." दाजींनी त्याला रकाना शोधला, सापडला नाही.

पुढे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. सुरूच्या बनातून रस्ता आणि दोन्ही हातांना चिकू. 2016 पासून या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, ही माहिती रिक्षावाल्याने चिकूच्या भावात मिसळून दिली. मग झाई. तलासरी तालुक्याचा समुद्र तो इथे. पलीकडे गुजरात आणि उंबरगाव, त्यामुळे माणसं अर्धं वाक्य मराठीत सुरू करतात आणि उरलेलं सोयीने संपवतात.

झाईत दाजींना मोठा धक्का बसला. वाळूत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून. आणि ते ज्या दोरावर होते तो होडीचाच जुना दोर.

"हा बाद झालेला दोर वापरात कसा?"

"मेला नाही अजून," बोंबील उलटणारी मावशी म्हणाली. "होडीवरून उतरला की वलांडीला. मग बकरीला. मग वाडीच्या कुंपणाला."

"आणि मग पोरांच्या झोपाळ्याला?" मी आपलं कौतुकाने विचारलं.

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी चार पावलं मागे सरलो. "झोपाळ्याला नवा लागतो! नातू बसतो त्यावर."

आतल्या रस्त्याने तलासरीला, अहमदाबाद महामार्गावर आलो. चहाच्या टपरीसमोर गवताने भरलेला ट्रक उभा होता आणि ताडपत्रीवरून आवळलेल्या दोरांत एक हिरवट, फुलारलेला, मधेच सांधलेला. तो होडीवरून आला की दुकानातून, हे ड्रायव्हरलाही सांगता येईना. दाजी त्या ट्रकला प्रदक्षिणा घालून आले. त्यांच्या हिशोबात वस्तू एकदाच मरते. इथे ती मरत नाही, फक्त बदलीवर जाते. चहा संपेपर्यंत ते गप्प होते. मग त्यांनी "अपेक्षित आयुर्मान" हा रकानाच खोडला आणि मुलीला संदेश पाठवला: पेड उघडून बघ, तळव्याला पूड लागते का बघ, बारीक जागा शोध, काठावर घासतो तिथे जुन्या रबरी नळीचा तुकडा चढव, हिवाळ्यात तळं गोठायच्या आत दोर घरात आण. तिचं उत्तर लगेच आलं. तिथल्या दुकानदाराने चारही दोर दरवर्षी नवे घ्यायला सांगितले होते. दाजी म्हणाले, "तो विकणारा आहे, त्याचं मत ग्राह्य नाही."

तुमच्याकडे हा प्रश्न असेल तर आमच्यासारखं मे महिन्यात जाऊ नका. तेव्हा सगळ्यांची घाई असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तांडेल दोरच तपासत बसलेले असतात आणि बोलायला मोकळे असतात. तक्ता नेऊ नका. आपल्या दोराचा वीतभर तुकडा तेवढा सोबत घ्या, कारण दोर हातात घेतल्याशिवाय तिथे कुणी मत देत नाही.