प्रयोग : लहान मुलांना निसर्ग दाखवणे

उद्देश
मुंबई-ठाण्यातील चार ते आठ वयोगटातील बालकास शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात नेऊन निसर्ग दाखवणे व त्याच दिवशी, शक्यतो त्याच बालकासह, घरी परतणे.

साहित्य
एक बालक (दोन घेतल्यास प्रयोग होतो, निरीक्षण होत नाही), टोपी, भरपूर पाणी, दशम्या, कपड्यांचे जादा जोड आणि एक दुर्बीण. दुर्बीण पालकाच्या गळ्यात शोभेसाठी असते. बालकाच्या हाती गेल्यास ते ती उलटी धरून स्वतःच्या बुटाकडे पाहते. बूट फार लांब गेलेला दिसतो. दिवसातले पहिले आश्चर्य येथे नोंदवावे.

स्थळ
शहापूरला जायचे तर आसनगाव किंवा कसारा लोकल. माहुलीसाठी आसनगावला उतरून रिक्षा करावी. तानसा अभयारण्यासाठी आटगाव जवळ. टिटवाळा मागे पडले की खिडकीतून डोंगर दिसू लागतात. ते दाखवण्याची घाई करू नये. बालक त्या वेळी शेजारून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत असते.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी घ्यावी. उलटीची पिशवी साहित्यात लिहायची राहिली आहे, ती वर लिहून घ्यावी. मुरबाडच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्याची हद्द सिद्धगडापर्यंत येते आणि या जंगलात शेकरू राहते. ‘हा आपला राज्यप्राणी’ असे पालकाने हळू आवाजात सांगावे. ‘ही तर खार आहे’ असे उत्तर मिळेल. वाद घालू नये. बालकाचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

कृती
१. महिना मे निवडावा. लोक पावसाळा निवडतात, पण पावसाळ्यात धबधब्यापेक्षा धबधब्याखालची माणसे जास्त दिसतात. मे महिन्यात ऊन असते, पण करवंदेही असतात.

२. माहुलीच्या पायथ्याशी वन विभागाची पावती घ्यावी. गड चढण्याचा विचार मनात आल्यास सावलीत बसावे, तो जातो.

३. बसल्या जागेवरून सुळके दाखवावेत. नवरा, नवरी, करवली आणि भटोबा अशी त्यांची नावे आहेत. ‘लग्न लागलं का?’, ‘जेवायला काय होतं?’ आणि ‘नवरीची आई कुठेय?’ या तीन प्रश्नांची तयारी घरूनच करावी.

४. बालक चालण्यास नकार देऊ लागले की इतिहास काढावा. शहाजीराजे १६३६ साली याच गडावर वेढ्यात सापडले होते आणि जिजाऊ व सहा वर्षांचे शिवबा सोबत होते, असे मानले जाते. ‘बघ, तुझ्याच वयाचे होते,’ असे म्हणावे. ‘त्यांना घोडा होता,’ या उत्तरानंतर बालकास खांद्यावर घ्यावे.

५. पक्षिनिरीक्षण. रानपिंगळा नावाचे छोटे घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांना सापडेनासे झाले, ते ११३ वर्षांनी, १९९७ साली, शहाद्याजवळ पुन्हा दिसले. २०१४ मध्ये ते तानसा अभयारण्यातही आढळले. हे घुबड दिवसा हिंडते, त्यामुळे पालकांच्या आशा वाढतात. एवढी वर्षे भल्याभल्यांना हुलकावणी देणारा पक्षी ‘पिंगळ्याऽऽ, बाहेर ये!’ या हाकेला ओ देत नाही, हे नोंदवून पुढे जावे.

६. वाटेत पळसाच्या द्रोणात करवंदे घेऊन बसलेली आजी भेटली की थांबावे. भाव करू नये. ‘कोंबडा की कोंबडी?’ हा खेळ तिलाच शिकवू द्यावा : करवंद चावून बघायचे, आत लाल निघाला तर कोंबडा, पांढरी निघाली तर कोंबडी. सागाचे कोवळे पान तळहातावर चुरडले की हात लाल होतो, हेही तीच दाखवील. हा रंग लवकर जात नाही. कपड्यांचे जादा जोड येथे उपयोगी पडतात.

दक्षता
दगडाखाली आणि कपारीत हात घालू देऊ नये. तेथील रहिवाशांत घोणसही असू शकते. बंधारा आणि धबधबा यांच्या पाण्यात उतरू नये. धोक्याची पाटी दिसल्यास तिच्यापुढे उभे राहून फोटो काढण्याऐवजी ती वाचावी. मुंग्यांच्या रांगेजवळ बालक बसले असता ‘चल, पुढे खरं जंगल आहे’ हे वाक्य उच्चारू नये. प्रयोग बहुधा याच वाक्याने बिघडतो.

निरीक्षण
तानसा धरण १८९२ सालचे. ‘आपल्या नळाचं पाणी इथून येतं,’ असे मुंबईच्या पालकाने अभिमानाने सांगावे. मुंबईला सर्वाधिक पाणी देणारे भातसा धरणही याच शहापूर तालुक्यात आहे, अशी जोड द्यावी. परतीच्या वाटेवर पाड्यापाशी टँकर उभा असतो आणि त्याभोवती हंडे घेतलेल्या बायका. बालक विचारते, ‘यांचं पाणी आपण घेतलं का?’

या ठिकाणी पालकास बिस्किटाचा पुडा फोडण्याची परवानगी आहे.

अनुमान
घरी आल्यावर आजी विचारते, ‘काय काय पाहिलंस रे?’ उत्तर येते : मालगाडी, लांब गेलेला बूट, मुंग्या, कोंबडा, टँकर. डोंगर नाही, शेकरू नाही, घुबड तर नाहीच. यादीतील एकही वस्तू पालकाने दाखवलेली नाही. त्यावरून सिद्ध होते की निसर्ग जागेवरच होता. मध्ये पालक उभे होते.

निकाल
बालक : विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण.
पालक : सामान्यज्ञानात उत्तीर्ण, पाणी या विषयात अनुत्तीर्ण. एटीकेटीसह वरच्या वर्गात. फेरपरीक्षा पुढच्या मे महिन्यात, त्याच टँकरपाशी.