त्या बाई रविवारी चक्क आराम करतात!

ऐकलंत का? भोपाळच्या जवाहर चौकात राहून, सगळ्यांच्या देखत, एक बाई आठवड्यातून दोन दिवस व्यायामाला सुट्टी देतात. लपूनछपून नाही हो, सांगूनसवरून! बुधवारी आणि रविवारी. विचारलं तर म्हणतात, "आज आराम." आणि गॅलरीत बसून चहा पितात. साखरेचा!

यात एवढं काय, असं वाटत असेल तर तुम्ही हल्ली आमच्याकडे फिरकलेला नाहीत. इथे सध्या सुट्टी म्हणजे कुळाला बट्टा. पहाटे पाचला टी. टी. नगर स्टेडियमच्या बाजूने निघा, अर्धी वस्ती रस्त्यावर. कोणी बोट क्लबकडे, कोणी वनविहारच्या गेटाकडे, कोणी श्यामला हिल्सच्या चढावर धापा टाकत. तात्या टोपे नगर असं नाव आहे म्हणून पळत सुटलंच पाहिजे असं थोडंच आहे? तात्या १८५८ मध्ये माळव्यातून नर्मदेपार गेले, इंग्रजांची दमछाक केली; पण त्यांच्या मागे फौज होती. आमच्या मागे काय, तर पुतण्याचं लग्न आणि घट्ट झालेलं ब्लाउज.

पहिला मान पावलं मोजणाऱ्या घड्याळवाल्यांचा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं प्रकरण तर अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. रात्रीचे पावणेबारा, काकू जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारतायत. वटपौर्णिमेला वडालासुद्धा एवढ्या प्रदक्षिणा घातल्या नसतील! काका पांघरुणातून ओरडले, "अगं, झोप आता!" तर म्हणाल्या, "नऊ हजार सहाशे झालेत. आता झोपले तर सगळे फुकट."

आणि हे रोजच्या पावलांचे दहा हजार आले कुठून? कुठल्या वैद्याने सांगितले? कोणीच नाही! १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, लोकांना चालायची हौस आली, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा गोल, जाहिरातीला देखणा, चिकटला तो चिकटलाच. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त बायकांची पावलं मोजली. दिवसाला सत्तावीसशे चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. म्हणजे काकू संध्याकाळीच पास झाल्या होत्या. त्या टेबलाला उगाच चक्कर!

या चालण्याच्या वेडाआधीचा दंगा आठवतो ना? २०१८ च्या सुमाराचा, दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोडं थोडं, दर दोनेक तासांनी, घरचं आणि तूप घालून खा. पार पुणे-मुंबईत पेटलेलं ते भांडण भोपाळला यायला वेळ लागला नाही. शिवाय दीक्षितांनी ज्यांच्याकडून कल्पना घेतली ते डॉ. श्रीकांत जिचकार नागपूरचे. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाल्यावर आमच्यातली निम्मी घरं फायलींबरोबर नागपूरहूनच आलेली. म्हणजे माहेरचाच माणूस की! भिशीत उभी फूट. चैत्रातल्या हळदीकुंकवाला दीक्षितवाल्या बायका कैरीची डाळ हातात धरून घड्याळाकडे बघत बसल्या होत्या, डोळ्यांदेखत पाहिलंय. पन्ह्याचा पेला तसाच.

गंमत म्हणजे ताटावरून इतकं रण माजलं, पण पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं हे दीक्षितांचं कलम सगळ्यांनी शिताफीने गाळलं. तेव्हा कोणी पाऊल उचलत नव्हतं, आता कोणी पाऊल थांबवत नाही. मधलं काही आम्हाला मानवतच नाही बघा.

आता दुसऱ्या मजल्यावरचा तो इंजिनिअर मुलगा. त्याने '७५ हार्ड' घेतलंय म्हणे. अँडी फ्रिसेला नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २०१९ मध्ये काढलेलं हे व्रत. पंचाहत्तर दिवस रोज दोनदा पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं व्यायाम, त्यातला एक उघड्यावर, आणि एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. उद्यापनाला सवाष्ण तेवढी घालायची बाकी ठेवलीय. मे महिन्यात, पारा बेचाळीसवर, हा भरदुपारी चौकात उड्या मारतोय. चहावाल्याने विचारलंसुद्धा, "भैया, घर में सब ठीक तो है?"

आणि निवृत्त भाऊसाहेब! रथसप्तमीला थेट एकशे आठ सूर्यनमस्कार. अहो, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला तो रोजच्या नेमाचा. वर्षभर पाट सोडून चटई न पाहिलेल्या माणसाने एका सकाळी शंभरी गाठावी असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. पुढचे चार दिवस भाऊसाहेब कठड्याला धरून जिना उलटे उतरत होते. मांड्या वाकेनात! नुसत्या दुखण्यावर निभावलं म्हणायचं. असा अतिरेक केल्यावर लघवी गडद तपकिरी झाली तर स्नायू मोडून त्याचा भार मूत्रपिंडावर पडलेला असू शकतो, तेव्हा बाम चोळत बसायचं नसतं, तडक डॉक्टरकडे पळायचं असतं. भाऊसाहेब आता बरे आहेत. मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्यखेळ आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगू नका.

बरं, एवढं करून वजन किती उतरलं? विचारू नका, अबोला धरतील. सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तास झपाझप चाललं तर साधारण सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात. परतताना ही मंडळी जातात कुठे? पोह्यांच्या गाडीवर. शेव वाढवून पोहे आणि वर दोन गरम जलेब्या. कमावलं ते तिथेच ठेवलं, वर थोडं कर्जही झालं!

तर अशा या तपस्व्यांच्या वस्तीत या बाई आरामात! रीतसर चौकशी झालीच. पाळत ठेवली म्हटलं तरी चालेल. पाच दिवस चाळीस मिनिटं चालतात. वेगही असा की सोबतिणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. म्हणजे झाली दोनशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं सांगितलीत, त्यात अगदी बसतं. या पाच दिवसांतल्या दोन दिवशी घरी येऊन खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतात, भिंतीला हात लावून जोर काढतात. स्नायूंचं कामही संघटनेने दोन दिवस सांगितलंयच. सुरुवात केली तेव्हा तर पंधराच मिनिटं चालायच्या. पंधरा! दर आठवड्याला थोडीथोडी वाढवली म्हणे.

"आणि हे दोन दिवस घरी बसायचं काय?" असं आम्ही जरा दरडावूनच विचारलं. बाई शांत. म्हणाल्या, "अहो, व्यायामात स्नायूला ताण पडतो, तो भरून निघतो विश्रांतीत. भरूच दिला नाही तर नुसती झीज." सकाळी उठल्याउठल्या अंथरुणातच नाडी मोजतात. एरवी सत्तर असते ती दोन-चार दिवस सलग अठ्ठ्याहत्तर दिसली, झोप लागेना, उगाच चिडचिड व्हायला लागली, की समजायचं अति झालं आणि हात आखडता घ्यायचा. चिडचिड म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी पहिल्या मजल्याकडे पाहिलं, पण बोललो नाही.

वजनाचंही तसंच. एक किलो चरबी म्हणजे सुमारे सात हजार सातशे कॅलरी, ती चार दिवसांत कशी जाणार? पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो ते बरंचसं पाणी. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी चांगलं, कधी नाही गेला तरी घाबरायचं नाही. पोट कमी करायला पोटाचेच व्यायाम, हेही खरं नाही. चरबी आपल्याला हव्या त्या जागेवरून निघत नाही. रात्रीचा भात निम्मा केलाय, डाळ-उसळ वाढवलीय. रविवारी पोहे खातात आणि एक जलेबी. एकच! दुसरीकडे बघतही नाहीत. हा कसला स्वभाव?

एवढं होऊन सहा महिन्यांत बाईंचे पाच किलो गेले. गुडघा शाबूत, चेहरा टवटवीत, आणि दोन जिने चढून आल्यावर गप्पा मारायला दम शिल्लक. आता तुम्हीच सांगा, हे असं सरळपणे कधी होतं का? भिशीत यावर सविस्तर खल झाला. शेजारणीने भाताचं पातेलं पाहिलं होतं, सोबतीण रोज बरोबर चालत होती, साक्षीदारांची काही कमी नव्हती. तरी निकाल एकमताने लागला. २०२५ च्या मार्चमध्ये ते वजनाचं नवं इंजेक्शन भारतात आलंय ना, मौंजारो? नक्की तेच घेत असणार!