गंजाचे वैरी तात्यासाहेब

दुसऱ्याच्या घरी मुक्कामास गेल्यावर यजमानाच्या मोरीतील फळीवरचा दाढीचा सरंजाम ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्या सरंजामातील पाते ओले आढळल्यास चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच जे त्याबद्दल खुलासा मागतात, त्या सद्गृहस्थांचा परिचय वाचकांस मी नव्याने करून द्यावा असे नाही. माझ्या वाट्यास आलेल्या नमुन्यास आमच्या गिरगावातील चाळीत तात्यासाहेब म्हणतात. महसूल खात्यात हयात घालवून, हेडक्लार्कच्या खुर्चीवरून पेन्शनीत निघालेल्या या गृहस्थांस सकाळी जिन्यात कोणी नमस्कार केला, तर प्रतिनमस्कार म्हणून त्यांच्या मुखातून एकच प्रश्न बाहेर पडतो, "काय, पुसलंत का?"

काय पुसलंत, हे सांगण्याची त्यांस गरज भासत नाही. चाळीतील एका लग्नाच्या सीमांतपूजनास सारी मंडळी जमली असता त्यांनी नवरदेवाची तुळतुळीत हनुवटी न्याहाळून, उपाध्यायांचा मंत्र मध्येच थांबवून हा प्रश्न विचारला. स्वतःच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, क्लोरोफॉर्मचा अंमल चढता चढता, शस्त्रांच्या ताटाकडे बोट दाखवून त्यांनी सर्जनसाहेबांसही तो विचारला म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरील बापूराव वारले त्या दिवशी मात्र कमाल झाली. दुःखाने खचलेला त्यांचा थोरला मुलगा क्षौर करून घेऊन उठत होता, तात्यासाहेब शेजारी धोकटी आवरीत बसलेल्या न्हाव्याकडे पाहून सवयीने म्हणाले, "पुसलंस का?" मुलाने उपरण्याच्या टोकाने मुकाट्याने डोळे पुसले. सगळ्यांस वाटले, किती वेळेवर धीर दिला!

गंज या विषयावरील त्यांचे तत्त्वज्ञान परिपूर्ण आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंजाचा जन्म होतो, त्यात मीठ मिसळले की तो झपाट्याने वाढतो, आणि चौपाटीचा खारा वारा पाठीशी असलेल्या गिरगावात मृगापासून हस्तापर्यंत त्यास अडविणारे कोणी नसते, हे ते आल्यागेल्यास ऐकवितात. आणि दुर्दैवाने ते खरेही आहे. दाढी उरकल्यावर रेझर तसाच ठेवला, तर वरची टोपी आणि पाते यांच्या फटीत केशाकर्षणाने पाण्याचा एक पातळ थर अडकून राहतो, आणि पोलादाचा नाश तेथून सुरू होतो. तांबूस ठिपका डोळ्यांस दिसतो तो फार उशिरा. केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक अशी ती धार तत्पूर्वीच कुरतडली गेलेली असते. "ठिपका दिसला म्हणजे फिर्याद मुदतबाह्य झाली समजा," असे ते म्हणतात, तेव्हा महसुलातील सारी दप्तरे त्यांच्या आवाजात बोलत असतात.

या सिद्धान्तास विरोधक नाहीत असे मात्र नव्हे. पहिल्या मजल्यावरील मास्तर झटकपंथी आहेत. पाते खळखळून धुवावे, दोनदा झटकावे आणि वाऱ्यावर ठेवावे. फडका धारेस लागला की गंजाचे काम फडकाच करतो, असे त्यांचे प्रतिपादन. या एका मुद्द्यावर उभय पक्षांनी गणेशोत्सवाच्या सभेत असा वाद घातला की, त्या वर्षीच्या व्याख्यात्यांस आभारप्रदर्शनावाचून परत जावे लागले.

पुसणे हा तर केवळ ओनामा. त्यापुढील प्रयोगांची हकीकत सांगायची तर, कोकणात पावसाच्या तोंडावर कोयत्यास आणि विळीस खोबरेल चोळतात हे बालपणी पाहिलेले असल्यामुळे आरंभी त्यांनी पाते खोबरेल तेलाच्या वाटीत बुडवून ठेवण्याचा परिपाठ ठेवला. तो मुंबईत निर्वेध चालला. परंतु मार्गशीर्षात ते पुण्यास लेकीकडे गेले असता एका पहाटे तेल थिजले, पाते त्यात शिलालेखासारखे अडकले, आणि चुलीपाशी वाटी धरून बसलेल्या वडिलांकडे पाहत लेकीने जावईबापूंस विचारले की, यांस वैद्यास दाखवावे का. पुढे रॉकेलचा प्रयोग झाला. गंज आला नाही, पण घासलेटचा वास दुपारपर्यंत गालांवर दरवळे आणि बिडी पेटविणारे लोक त्यांच्यापासून चार हात दूर सरकत. नंतर काकूंच्या शिवणयंत्राच्या तेलाच्या बुधलीवर जप्ती आली. काकूंनी ती जप्ती सोडवून आणली. हवेतील दमटपणा शोषून घेण्यासाठी पाते चुनकळीच्या डबीत ठेवण्याची युक्ती तशी शास्त्रशुद्ध होती. पण त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी पान लावण्यासाठी तीच डबी उघडली आणि ती शास्त्रीय तजवीज त्याच दिवशी दफ्तरदाखल झाली.

शेवटी त्यांस असे कळले की, विलायतेकडे जाणकार लोक पाते स्पिरिटात बुचकळतात. स्पिरिट पाण्यास ओढून घेते आणि स्वतः उडून जाते. हे ज्ञान त्यांस झाले ते मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अंमलात आल्यानंतर. पण कायद्यास बगल देणे तात्यासाहेबांच्या रक्तात नाही. त्यांनी रीतसर अर्ज केला, "दाढीच्या पात्यास नित्य स्नान घालण्यास्तव दरमहा चार औंस स्पिरिट बाळगण्याचा परवाना मिळावा." उत्तर आले की, प्रकृतीच्या कारणास्तव परवाना हवा असल्यास वैद्यकीय दाखला जोडावा. तात्यासाहेबांनी दुसरा अर्ज केला, की प्रकृती अर्जदाराची नसून पात्याची आहे. त्यावर उत्तर आले नाही. ती कैफियत अद्याप प्रलंबित आहे, असे ते अभिमानाने सांगतात.

या साऱ्या खटाटोपातील खरा विनोद तात्यासाहेबांच्या ध्यानात कधी आला की नाही, मला ठाऊक नाही. ज्या किंग कॅम्प जिलेटने हे पाते जगास दिले, तो बाटल्यांच्या बुचांचा फिरता विक्रेता होता, आणि त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्यास उपदेश केला होता की, माणसे वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घेतील असे काही शोधून काढ. १८९५ च्या सुमारास आरशासमोर त्यास ते सुचले. पत्र्यासारख्या पातळ पोलादास पाणी देणे अशक्य असे जाणते म्हणत असता निकर्सन नावाच्या यंत्रज्ञाने ते साधून दिले. १९०३ साली पहिल्या वर्षाच्या विक्रीत अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली, आणि पुढे त्याने दुनिया पादाक्रांत केली. म्हणजे फेकण्यासाठीच जन्मास घातलेली वस्तू! पाकिटावर आपले मिशाळ चित्र छापणाऱ्या त्या गृहस्थास तात्यासाहेबांसारखी गिऱ्हाइके आणखी भेटती, तर त्यास पुन्हा बुचे विकावी लागली असती. महायुद्धात विलायती पाती बाजारातून दिसेनाशी झाली तेव्हा साऱ्या चाळीने दाढ्या राखल्या. तात्यासाहेब मात्र काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाने पाते बोटाने दाबून मागेपुढे घाशीत, आणि त्या किर्र आवाजाने आम्हांस पहाट झाल्याचे कळे.

त्यांची एक नोंदवही आहे. पाते घातल्याची तारीख, दाढ्यांची संख्या, हवेचे मान, गंज, शेरा असे तीत रकाने. त्रेचाळीस दाढ्या झालेल्या एका पात्यापुढील शेरा मी स्वतः वाचला आहे: "पाते उत्तम. हनुवटी नाराज." कारण पात्याच्या इतक्या सेवेनंतर तात्यासाहेबांच्या चेहऱ्यास काय लाभले म्हणाल, तर गालावर कापसाचे दोन बोळे, जबड्याखाली तुरटीचा पांढरा ओरखडा, आणि हनुवटीच्या खळीत कापणीतून सुटलेल्या पिकाची एक रांग.

मग नवी पाती घेत नाहीत की काय? घेतात; दर महिन्यास एक पाकीट, पेन्शनीच्या दिवशी, न चुकता. ती पेटीत कुलूपबंद असतात आणि ती कोणासाठी असतात हे मला फार उशिरा, आमच्या धाकट्यास पोस्टात नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा समजले. आदल्या रात्री तात्यासाहेब आले. मेणकागदाची पुडी त्यांनी स्वतःच्या हाताने उलगडली, धारेस बोट न लावता आखूड कडांनी धरून पाते रेझरमध्ये बसविले आणि म्हणाले, "उद्या सकाळी हेच वापर. हात दाबू नकोस, त्याचं वजनच पुरतं." मुलाने विचारले, "तात्या, मग पुसून परत आणून देऊ ना?" "नको रे," ते म्हणाले, "फेकून दे." चाळीतील ज्या ज्या मुलास नोकरीसाठी किंवा मुलगी पाहण्यासाठी बाहेर पडायचे असते, त्याच्या घरी आदल्या रात्री ते असेच येऊन जातात. काकूंस ठाऊक आहे, त्या म्हणतात, "स्वतःच्या गालांवर काटकसर केली म्हणून एवढी पाती साठली." हे मी कौतुकाने लिहितो आहे असे तात्यासाहेबांच्या कानावर न गेलेले बरे, ते ही लेखणीची निबसुद्धा पुसलीत का म्हणून विचारतील.

तलवारी घडविणाऱ्या विल्किन्सनांनी १९६२ च्या सुमारास गंज न चढणारी स्टेनलेस पाती विलायतेत बाजारात आणली, आणि पुतण्याने लंडनहून त्यांचे एक पाकीट काकांसाठी धाडले. पोलादात शेकडा तेराच्या आसपास क्रोमियम असते, तेच प्राणवायूशी संयोग पावून अंगावर अदृश्य कवच चढविते आणि आतले लोखंड निर्धास्त राहते, हे त्यांनी मला गंभीरपणे वाचून दाखविले. प्रयोग भर आषाढात सुरू झाला. पाते पुसले, गंज निरंक. पाते मुद्दाम न पुसता ठेवले, तरी निरंक. नोंदवहीतील तो रकाना 'निरंक' या एका शब्दाने भरत चालला, आणि तात्यासाहेबांचे चालणे मंदावले. जिन्यात भेटले तरी ते नुसता नमस्कार करू लागले. आम्ही सारे आपण होऊन "पुसलं बरं का, तात्या" म्हणून पाहिले, ते म्हणाले, "आता काय पुसायचंय?" चेहरा मात्र तुकतुकीत झाला होता, आणि तो त्यांस मुळीच शोभत नव्हता.

पंधरवड्याने उरलेले विलायती पाकीट मुलाखतींच्या पेटीत गेले आणि जुने काळे पाते रेझरवर चढले. दोन दिवस पाऊस कोसळत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे सज्जातून आरोळी आली, "आला! आला!" कोणाकडे तार आली की बाळंतपण झाले, अशा धास्तीने सगळा मजला बाहेर धावला, तो तात्यासाहेब एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात पाते घेऊन उभे, धारेच्या टोकास मोहरीएवढाही नसलेला एक तांबूस ठिपका. एकेकाने भिंगातून पाहून तो मान्य केला. खालून मास्तर धोतर सावरीत चढून आले, त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिले, आणि म्हणाले,

"पुसलंत, म्हणून आला."