कंदांच्या कागाळ्या

"काकू, तुमच्या निशिगंधाला दांडे आले की! आमच्याकडे नुसती पात वाढतेय, गवतासारखी."

"तू गड्डा लावलास केवढा? बारक्या पिल्लाला पहिल्या वर्षी फूल धरत नाही गं. चांगला सुपारीएवढा निवडायचा, एप्रिल-मेमध्ये लावायचा, तोही दोन पेरंच खोल. गौरी-गणपती ते दसरा फुलपुड्याचा खर्च वाचतो."

"कोपऱ्यावरच्या साहेबांनी ग्लॅडिओलसचे कंद आणलेत म्हणे."

"आणलेत कसले, बुडवलेत! रिटायर झाल्यापासून माणसाच्या हातातला पाईप सुटत नाही. वरून पाऊस, खालून हे. परवा त्यांच्या मंडळींनी एक कंद उकरून दाखवला. दाबला तर बोट आत गेलं. बुडाशी पांढरी जाळी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. म्हटलं, आता ती माती आधी बाहेर टाका, त्या दाण्यांतनं पुन्हा बुरशी येते. तर साहेब म्हणतात, औषध मारू. मारा बापडे!"

"तरी साताऱ्याचं बरंय, अजिंक्यताऱ्याच्या उताराला मुरूम. आमच्या आईकडे सांगलीला 2019 च्या पुरात अंगणात पाणी उभं होतं. लिली गेली, निशिगंध गेला. मोरीकडेचा सोनटक्का तेवढा परत फुटला."

"त्याला काय होतंय! त्याला पाणी लागतंच. फुलून झालेला दांडा मात्र बुडातनं कापत जा, तो परत फुलत नाही. पण तुमच्याकडची ती काळी माती म्हणजे..."

"मातीला नावं ठेवायची नाहीत हं! हरिपूरला याच मातीत पेवं खणून हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही."

"आणि 2005 च्या पुरात?"

"पेवात पाणी शिरलं तेव्हा. तेच म्हणतेय मी, दोष पाण्याचा. दादा आता हळद गादीवाफ्यावरच लावतो. सरीत पाणी साचलं की कंदकुज आलीच. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय मिळालं तेव्हापासून तर तो वाफ्यात चप्पल घालूनसुद्धा जाऊ देत नाही. हळदीला फुलं आलीत बघा सध्या."

"मग तूही कुंडीला विटांचे तुकडे घाल तळाशी आणि मातीत चांगली मूठमूठ वाळू. कासला बघ ना, जांभ्या दगडावर बोटभर माती, वर धो-धो पाऊस, तरी चवरीचे कंद जगतात. पाणी थांबतच नाही तिथं. पावसाळा सरला की पानंही जातात, कंद खाली गुपचूप."

"एक आणू का कासवरनं?"

"अगं बाई! फूल तोडायला बंदी तिथं, ही कंद उकरायला निघालीय. 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेलंय ते सगळं."

"बरं, मागच्या गल्लीतल्यांनी कळलावी चढवलीय कुंपणावर. लाल-पिवळी, सुरेख दिसते. पण तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद आहे म्हणतात."

"कळलावीच्या नावावर खपवू नको. सातबाऱ्यावरनं बिनसलंय त्यांचं, वेल लावायच्या कितीतरी आधी. घरात भांडण आणते वगैरे सगळं झूट. विष मात्र खरं, आणि कंदात तर फारच. नातवंडं आहेत त्या घरात, हे सांगायला हवं कोणीतरी."

"विषावरनं आठवलं. लेकीनं लंडनहून फोटो पाठवलाय, पानं नाहीत, देठ नाही, जमिनीतनं थेट जांभळी फुलं. कोल्चिकम म्हणे. भाचा बीएस्सीला आहे, तो म्हणाला, आपल्या कळलावीत आणि त्याच्यात विष एकच, कोल्चिसिन."

"तिला म्हणावं, नुसतं बघ. केशराची फुलं समजून वरणात घालशील!"

"काकू, मग एक गड्डा द्याल ना? आत्ताच?"

"फुलावर असताना कोणी उपटतं का? थंडीत पाणी तोडते, पानं पिवळी पडली की काढते. सावलीत वाळवून ठेवीन, एप्रिलमध्ये ने. त्या आळ्याची तीन वर्षं झालीत, काढायचेच आहेत. पिल्लं पुष्कळ निघतील. पण साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं, पाईप घेऊनच येतील."