नोंदोबा

आहेर लिहून घ्यायला नोंदोबाला बसवलं ही माझीच चूक. भाचीच्या लग्नात ऐनवेळी अक्षर चांगलं असलेला माणूस हवा होता आणि हा पहिल्या पंगतीला जेवून रिकामा दिसला. दहा मिनिटांत त्याच्या टेबलापासून हॉलच्या दारापर्यंत रांग लागली. रांगेच्या तोंडाशी पाकीट हातात धरून एक बाई उभ्या, आणि नोंदोबा पेन उघडून विचारतोय, “पूर्ण नाव?”

“अहो, मी नवरीची सख्खी मावशी!”

“मावशी हे नातं झालं. नाव सांगा. आणि पिनकोड.”

“पिनकोड कशाला? मी पुढच्याच गल्लीत राहते.”

“पुढच्या गल्लीला पिनकोड नसतो का?”

संध्याकाळी यादी हातात आली तेव्हा पाकिटं जास्त आणि नावं कमी. ताईचा चेहरा उतरला. नोंदोबा मात्र निवांत विडा चघळत होता. “काही हरवलेलं नाही. ‘जोशी परिवार’, ‘जोशी कुटुंबीय’ आणि नुसतंच ‘जोशी’, अशी तीन पाकिटं होती. अक्षर सारखं वाटलं, एका नावावर घातली. हे तिघं एकच आहेत.”

ते तिघं एकच नव्हते. एक मुलाकडचे होते, एक मुलीकडचे, आणि तिसरे भाचीच्या ऑफिसातले साहेब. कुणी किती दिले ते आजतागायत कळलेलं नाही.

नोंदोबा तुम्हालाही भेटलेला आहे. समाजकार्य करणाऱ्या कुठल्याही संस्थेत जा. दर्शनी भिंतीवर संस्थापकांचा फोटो असतो, त्याखाली कार्यकर्त्यांची लगबग असते, आणि मागे, जिन्याखाली किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी, कॉम्प्युटरपुढे एक माणूस पाठमोरा बसलेला असतो. देणगीदारांची सगळी नावं त्याच्या ताब्यात. कागदोपत्री तो ‘डोनर डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर’. संस्थेत त्याला ‘पावतीवाले’ म्हणतात. आमच्या संस्थेत नोंदोबा म्हणतात आणि तोही ओ देतो. मी तिथे संस्थेचं त्रैमासिक काढायला जातो, फुकट. माझं टेबल त्याच्यासमोर, त्यामुळे माझ्या रक्तदाबाची जबाबदारी बरीचशी त्याची.

त्याचा एकच ध्यास: एक माणूस, एक नोंद. ऐकायला सोपं वाटतं. पण मराठी माणसाने स्वतःची नावं अशी काही रचली आहेत की शंकराचार्यांनीही हात टेकावेत. तोच माणूस चेकवर ‘एस. व्ही.’, पावतीवर ‘सुरेशराव’, आणि मनीऑर्डरच्या काळातल्या नोंदीत ‘सु. वि.’. इंग्रजीत तेच आडनाव वडील एका स्पेलिंगने लिहितात, अमेरिकेत गेलेला मुलगा दुसऱ्या, आणि अंकशास्त्र मानणारी सून त्यात एक ‘ए’ जास्तीचा घालते. बाईमाणसाचं तर विचारूच नका. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नावही लिहितात. म्हणजे नखशिखांत नवी नोंद! या सगळ्या जंजाळातून नोंदोबा मान वर करतो, चष्मा कपाळावर ढकलतो आणि सबंध ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणतो, “हे दोघं एकच आहेत.”

दिवसातून पंधरा वेळा. अद्वैताचा एवढा प्रचार आमच्या गल्लीतल्या मठातही होत नाही.

बरं, ते ऑफिसापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. नाटकाच्या मध्यंतरात तो मला कोपराने ढोसून सांगतो, “तो इन्स्पेक्टर आणि पहिल्या अंकातला गडी एकच आहेत.” असतील! तीन पात्रांचा खर्च परवडत नसेल निर्मात्याला. दोन निरनिराळ्या पक्षांचे जाहीरनामे वाचूनही तो हेच म्हणाला होता. तेव्हा मात्र कुणी वाद घातला नाही.

एकदा हा ध्यास भलताच अंगाशी आला. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. गोविंद नारायण, त्यांचा मुलगा नारायण गोविंद, त्याचा मुलगा पुन्हा गोविंद नारायण. आडनाव एक, पत्ता एक. आजोबा वारले. नोंदोबाने दोन्ही नोंदी एक केल्या आणि नावामागे ‘कै.’ लावला. महिनाभराने नातवाला, म्हणजे बत्तीस वर्षांच्या, जिमला जाणाऱ्या माणसाला, संस्थेचं पत्र गेलं: कै. गोविंदरावांच्या स्मृतीस अभिवादन. तो पत्र घेऊन तावातावाने ऑफिसात आला. “मी जिवंत आहे!”

नोंदोबाने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. “पॅन आणलंय का?”

पॅनबद्दल नोंदोबाला बोलतं करू नये. मी केलं, म्हणून सांगतो. पॅन म्हणजे दहा जागा: आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर ‘पी’ असेल तर देणारा माणूस आहे, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘टी’ असेल तर न्यास, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. माणसाच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. हे तो डबा खाताना सांगतो, घास हातात धरून, आणि मग पुढच्याचा पॅन विचारतो. जिन्यावर भेटलेल्या माणसाला लोक “काय, कसं काय?” विचारतात, हा विचारतो, “तुमच्या पॅनमध्ये सहावी जागा शून्य आहे ना? ओ लिहिलात तुम्ही. सहाव्या जागेवर ओ येऊच शकत नाही.”

पूर्वी हे चालून जायचं. पण २०२२ पासून संस्थांना वर्षभराच्या देणग्यांचा नावनिशीवार तपशील ‘फॉर्म १०-बीडी’मध्ये आयकर खात्याला द्यावा लागू लागला. मुदत ३१ मे, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. तो भरल्याशिवाय देणगीदाराला ८०-जीचं प्रमाणपत्र निघत नाही. तेव्हापासून नोंदोबाच्या आयुष्यातून आंबा गेला. अख्खा मे महिना तो फोनवर असतो. “काका, तुमचं शून्य... नाही, दुसरं शून्य... त्याच्या पोटात तिरकी रेघ मारून पुन्हा पाठवा.”

आणि पिनकोड! पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की चहाच्या आधी नोंदोबा दोन मिनिटं मागून घेतो आणि दरवर्षी तेच सांगतो. पिनकोड सुरू झाला तो याच तारखेला, १९७२ साली, आणि तो बसवला टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते संस्कृतचे पंडित, कवी, नाटककार. “म्हणजे पिनकोडवाले वेलणकर आणि संस्कृत कवी वेलणकर,” असं म्हणून तो थांबतो, आणि आम्ही सगळे झेंड्याखाली एका सुरात वाक्य पुरं करतो.

त्याची पिनकोडवर श्रद्धा बसायला कारणही घडलं होतं. एक्सेलच्या तक्त्यात घराचा क्रमांक ‘५/६’ लिहिला की त्याला ती तारीख वाटते. अशी साडेतीनशे आमंत्रणं छापून गेली. त्यातल्या एका पाकिटावर पत्ता होता: ५ जून, कोथरूड. ते बरोबर पोचलं. नोंदोबाच्या मते पिनकोडमुळे. माझ्या मते पोस्टमन त्या बाईंना तीस वर्षं ओळखत होता म्हणून.

देणगी नाकारणारा माणूस मी त्याच्याच रूपाने पाहिला. न्यू जर्सीहून एका जुन्या देणगीदाराच्या मुलाचा फोन आला, वडिलांच्या नावे पाचशे डॉलर द्यायचे होते. नोंदोबाने विचारलं, “नागरिकत्व कोणतं?” मुलगा दुखावला. “काका, मी सदाशिव पेठेत वाढलोय.” “वाढला असाल. पासपोर्ट कुठला?” पासपोर्ट अमेरिकेचा निघाला. भारतीय पासपोर्टवाला परदेशातून देतो ती देशी देणगी; नागरिकत्व बदललं की तोच पोटचा पोरगा कायद्याने ‘परदेशी स्रोत’. आमच्या संस्थेला परदेशी देणगीची परवानगी नाही. असती तरी ते पैसे आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्याच खात्यात यावे लागले असते. नोंदोबाने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बोरिवलीला गेलेला आणि न्यू जर्सीला गेलेला एकच. पण सरकार दोन धरतं.”

निधी उभारणाऱ्या बाईंनी त्या दिवशी त्याच्याशी अबोला धरला. मीही धरला असता, पण त्रैमासिकाच्या पत्त्यांची चिकटपट्टी त्याच्याकडेच असते.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे मुख्याधिकारी आले. तरुण, चुणचुणीत, गळ्यात पट्टा. पहिल्याच बैठकीत त्यांनी ‘डोनर जर्नी’ हा शब्द उच्चारला. आमचे अध्यक्ष यात्रा कंपनीचं काही असेल म्हणून मान डोलावत राहिले. मग निर्णय झाला: नवं सॉफ्टवेअर घ्यायचं, पाच वर्षांत ज्यांनी काही दिलं नाही ती नावं काढून टाकायची. नोंदोबा उभा राहिला. बैठकीत तो कधी बोलत नाही.

“नावं पुसता येणार नाहीत.”

“व्हाय?”

“माणूस पुसला की त्याच्या पावत्या अनाथ होतात.”

साहेब हसले. त्यांना ते काव्य वाटलं. नोंदोबा तांत्रिक बोलत होता; मूळ नोंद गेली की तिला जोडलेल्या नोंदींना त्या धंद्यात खरोखरच अनाथ म्हणतात. शेवटी तडजोड झाली. नावं राहतील, फक्त ‘पत्र पाठवू नये’ अशी खूण होईल. आणि सगळी माहिती नव्या घरात हलवताना जुनी-नवी पडताळायला दोन माणसं लागतील. एक नोंदोबा. दुसरा, अर्थातच, फुकटचा.

तेव्हा मी पहिल्यांदा तो ‘शेरा’ नावाचा रकाना पाहिला.

सतरा वर्षांचा मजकूर होता. “मोठ्याने बोलावे, डाव्या कानाने ऐकतात.” “पावती ठळक अक्षरात पाठवावी, मोतीबिंदू.” “मुलीचं लग्न मोडलं. यंदा मागू नये.” “दोनशेच देतात, पण स्वतः येऊन देतात. पहिल्या मजल्यावर चढायला लावू नये, आपण खाली जावे.” “चतुर्थीला फोन केल्यास उकडीच्या मोदकांची कृती ऐकावी लागेल. ऐकावी.” एका बाईंच्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबलो. आडनाव ‘के’वरून, पण पॅनमधलं पाचवं अक्षर ‘बी’. लग्नानंतर सगळं बदलतं, पॅनचा क्रमांक तेवढा बदलत नाही. नोंदोबाने त्या ‘बी’वरून शोध घेतला होता. पहिल्या नोकरीत असताना एक कुमारी दरमहा एकशे एक रुपये पाठवायची, लग्नाच्या महिन्यात तिची नोंद बंद पडली होती. त्याने फोन करून विचारलं. शेरा असा: “त्याच आहेत. माहेरचं नाव घेतल्यावर थोडा वेळ बोलल्या नाहीत. जुन्या पावत्यांची नक्कल मागितली, करासाठी नको म्हणाल्या. पाठवली.”

नव्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला दोनशे पंचावन्न अक्षरांची मर्यादा निघाली. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. हलवाहलव झाल्यावर आम्ही एक नोंद उघडली. देणगी देणारे गृहस्थ दरवर्षी एका तारखेला रक्कम पाठवतात. शेऱ्याचं शेवटचं वाक्य होतं: “फोन केल्यावर पैशांचं लगेच काढू नये, आधी मुलाची”. पुढे काही नाही.

“मुलाची काय?” मी विचारलं.

“आठवण,” नोंदोबा म्हणाला. “आधी मुलाची आठवण सांगतात, ती ऐकून घ्यावी.” आणि त्याने टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढली. तुटलेली वाक्यं तो आता तिच्यात पुरी करतो. रोज संध्याकाळी, सहा ते सात, पगाराच्या वेळेबाहेर. नावं अनुक्रमाने, एका माणसाला एकच पान.

लग्नातल्या रांगेत सख्ख्या मावशीला पिनकोड विचारणारा तो आणि वही लिहिणारा हा एकच आहेत, हे त्याच्यासमोर सोळा वर्षं बसून मला आता कळलं. त्याला मी ते बोललेलो नाही. बोललो तर तो पुरावा मागेल.

माझी नोंदही मी पाहिली. शेऱ्यात लिहिलंय: “चिडके. चहा दिल्यावर बोलावे.” दोनशे पंचावन्नमध्ये आरामात बसलं.

तर वाचकहो, मार्च जवळ आला आहे. तुम्ही कुठल्या ना कुठल्या संस्थेला काही द्यालच. दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, ८०-जीची सवलत मिळत नाही. आजोबा आणि नातू एकाच नावाचे असाल तर तसं कळवा. घर ‘५/६’ असेल तर ‘पाच बाय सहा’ असं अक्षरात लिहा. पॅन लिहिताना शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारा. आणि पिनकोड गाळू नका. मे महिन्यात त्या माणसाला निदान एक आंबा खाऊ द्या.