श्रीयुत शॅल यांस अनावृत पत्र

श्रीयुत शॅल, ज्येष्ठ सहायक क्रियापद, इंग्रजी व्याकरणाचे सक्तीखाते, यांचे सेवेशी,

स. न. वि. वि.

एका सरकारी कचेरीच्या ज्या इंग्रजी नियमावलीपुढे आम्हां अर्जदारांना माना तुकवाव्या लागतात, तिच्या एकाच पानावर आपण दोनदा विराजमान आहात: अर्जदाराने मुदतीत कागदपत्रे दाखल करावीत, येथे एकदा, आणि अधिकाऱ्याने तीस दिवसांत दाखला द्यावा, येथे पुन्हा. माझ्यापुढे उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांचा अर्ज एका दिवसाच्या विलंबास्तव पहिल्या वाक्याच्या जोरावर नामंजूर झाला, माझा मात्र मुदतीत दाखल होऊन अख्खा पावसाळा उलटलेला, म्हणून मी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले, तेव्हा कारकून प्रसन्न मुद्रेने उद्गारले, “ते मँडेटरी नाही हो, डायरेक्टरी आहे. म्हणजे बंधनकारक नव्हे, नुसते मार्गदर्शक.”

रयतेच्या पायी बेडी आणि सरकारच्या पायी पैंजण, हा आपला दुहेरी अलंकार पाहून मी थक्क झालो.

अर्थात ही आपली खोड जुनीच. व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी 1653 मधील आपल्या लॅटिन ग्रंथात नोंदवून ठेवले आहे, की प्रथमपुरुषी आपण नुसते भविष्य वर्तवता आणि द्वितीय व तृतीय पुरुषी वचन तरी देता, नाहीतर धमकी. आम्हां तृतीयपुरुषी प्रजाजनांच्या वाट्याला काय आले, हे निराळे सांगणे नलगे. आमच्या राज्यघटनेच्या 320 व्या अनुच्छेदात, शासकीय कर्मचाऱ्यांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणी लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी आपण ठणठणीत उभे होता. परंतु 1957 साली मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तो सल्ला घेतला नाही एवढ्याने कारवाई रद्द ठरत नाही. शब्द नव्हे, विधिकर्त्यांचा हेतू पाहावा, हे तत्त्व विद्वानांस शोभते. पण खिडकीबाहेर ताटकळणाऱ्याने तो हेतू कोणत्या टेबलावर शोधावा?

आपले बंधू मस्ट यांना भूतकाळच नाही, गतकाळातील सक्तीसाठी ते हॅड टू यांच्या दारी जातात. शुड आणि ऑट टू केवळ उपदेश करतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, कारण ते आपली दुर्बलता लपवीत नाहीत.

आणि तरीही, महाशय, संताप आपल्यावर काढणे हा अन्याय आहे! त्या वृद्धाला माघारी धाडले ते एका व्याकरणरूपाने नव्हे. मुदतीचा चाबूक एकाच दिशेने चालवणाऱ्या जिवंत, पगारी हातांनी. आपण बिचारे कोणीही हुकूम लिहावा आणि कोणीही मोडावा, अशा चाकरीत शतकानुशतके झिजलात. दक्षिण आफ्रिकेने 1996 च्या राज्यघटनेत आपल्याला निरोप देऊन ती कामगिरी मस्ट यांच्याकडे सोपवली. आपणही येथे सेवानिवृत्तीसाठी अर्ज करावा, असे मी सुचवतो. फक्त त्यावर निर्णय देण्याची मुदत नियमावलीत कोणत्या क्रियापदाने लिहिली आहे, ते आधी पाहून घ्यावे.

आपला,
एक अर्जदार